प्रश्न तुमचे : डाइव्ह बोटीवरचा आठवडा

आठवडाभर बोटीवरच राहायचं, जेवायचं, झोपायचं आणि दिवसाला तीन-चार वेळा पाण्यात उतरायचं, अशा ‘लाइव्हअबोर्ड’ सहलींबद्दल पुण्यातून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा बेत मालदीवचा आहे, म्हणून उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

*मालवणला गेल्या वर्षी स्कूबा केलं. फोटो, व्हिडिओ आणि सर्टिफिकेटही मिळालं. त्यावर मालदीवच्या बोटीवर घेतील का?*
न. ज., कोथरूड

नाही घेणार. तो कागद म्हणजे ‘अनुभव घेतला’ याची पावती. त्या डाइव्हमध्ये तुमची टाकी प्रशिक्षकाने मागून धरलेली असते. हवा किती उरली ते तो बघतो, वर-खाली तोच करतो. बोटीवर ही सगळी कामं तुमची.

पहिला टप्पा ओपन वॉटर कोर्स. त्यात न थांबता २०० मीटर पोहणं (वेळेचं बंधन नाही, कुठल्याही पद्धतीने चालतं), १० मिनिटं तरंगत राहणं, पुस्तकी भाग, तलावातले सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह. पुस्तकी भाग आणि तलाव पुण्यात उरकता येतो. समुद्राचा भाग तारकर्ली, कर्नाटकातलं नेत्राणी किंवा अंदमानला करता येईल. याने १८ मीटरपर्यंतची परवानगी मिळते. दुसरा टप्पा ॲडव्हान्स्ड, पाच डाइव्हचा, ३० मीटरपर्यंत. मालदीवमध्ये हौशी डाइव्हरला कायद्यानेच ३० मीटरच्या खाली जाता येत नाही, त्यामुळे तिथे यापुढची खोली लागत नाही.

कार्ड मिळालं म्हणजे झालं असं नाही. प्रवाहाच्या जागी जाणाऱ्या बोटी ३० ते ५० नोंदलेल्या डाइव्ह मागतात, आणि ही अट आम्हाला रास्त वाटते. नवशिक्याची हवा आधी संपते, मग सगळा गट वर येतो. लॉगबुक सोबत न्या. शेवटची डाइव्ह होऊन वर्ष उलटलं असेल तर निघायच्या आधी पुण्यातच तलावात एक उजळणी करून घ्या. पहिल्या दिवशीची ‘चेक डाइव्ह’ ही परीक्षाच असते. तिथे मास्कमधलं पाणी काढताना गडबडलात तर गाइड आठवडाभर तुम्हाला सोप्या जागीच नेईल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

*शनिवारी-रविवारी तारकर्लीला डाइव्ह करून रविवारी रात्रीच गाडीने पुण्याला निघतो. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही हा नियम माहीत आहे, पण घाटाचं काय?*
स. द., वारजे

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि विचारायला हवाच.

खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि पेशींमध्ये विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू, काही तासांत बाहेर पडतो. तो बाहेर पडायच्या आत बाहेरचा दाब आणखी कमी झाला तर त्याचे बुडबुडे धरतात. सोड्याची बाटली एकदम उघडावी तसं. दाब विमानाने कमी झाला की घाटाने, शरीराला फरक कळत नाही. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या, म्हणजे ‘डॅन’च्या सूचना ६०० ते २४०० मीटर उंचीसाठी आहेत : एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा सलग काही दिवस असतील तर किमान १८ तास थांबा. आंबोली ७०० मीटरच्या जवळ आहे आणि पुणे ५६० मीटरवर. म्हणजे आंबोलीवरून आलात तर हा नियम सरळ लागू होतो. दुसऱ्या घाटांनी आलात तर काठावर, आणि काठावरच्या गोष्टीत पैज लावू नये.

वेळापत्रकच बदला. शनिवारी दोन डाइव्ह, रविवारी हवी तर सकाळी लवकर एक उथळ, आणि निघायचं सोमवारी पहाटे. रजा नसेल तर डाइव्ह शनिवारीच संपवा. रविवारी किल्ला बघा, सोलकढी प्या.

मालदीवहून परतताना बोटी स्वतःच शेवटच्या डाइव्हनंतर सुमारे २४ तासांचं अंतर ठेवतात. मुंबईला उतरून खंडाळ्याचा घाट चढताना मग वेगळी काळजी नको, विमानाच्या केबिनमध्ये तुम्ही त्याहून कितीतरी ‘उंच’ जाऊन आलेले असता.

*गटातले इतर ५५ मिनिटं पाण्यात असतात, माझी हवा अर्ध्या तासात संपते. मोठी टाकी मागावी का? शिवाय पुण्याच्या तलावात ४ किलो वजन पुरायचं, समुद्रात मी बुडतच नाही.*
अ. कु., सहकारनगर

तुमचे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, म्हणून आधी वजन घेऊ.

तलावाचं पाणी गोडं, समुद्राचं खारं आणि सुमारे अडीच टक्क्यांनी जड. तुमचं आणि सगळ्या सामानाचं मिळून वजन ९० किलो असेल तर केवळ खाऱ्या पाण्यासाठीच सव्वादोन किलो जास्त लागेल. तलावात तुम्ही बहुधा टी-शर्टवर उतरला असाल. ३ मिलिमीटरचा वेटसूट घातला की आणखी एक-दोन किलो. आणि जी टाकी तुम्हाला मिळेल ती ॲल्युमिनियमची. ती भरलेली असताना बुडते, पण रिकामी होत आली की तरंगू पाहते, कारण आत भरलेली दोन-अडीच किलो हवा तुम्ही संपवलेली असते.

म्हणून वजनाची खरी तपासणी डाइव्हच्या शेवटी करायची. टाकीत ५० बार हवा (बार हे दाबाचं माप), खोली ५ मीटर, बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जॅकेट, पूर्ण रिकामं. साधा श्वास घेत तिथल्या तिथे राहता आलं तर वजन बरोबर. वर ओढले जात असाल तर एक किलो वाढवा. बीसीडीत हवा भरल्याशिवाय राहता येत नसेल तर एक किलो काढा. पहिल्या दोन दिवसांत हे करून आकडा लॉगबुकात लिहून ठेवा, सूट आणि टाकीच्या प्रकारासकट.

आता हवा. नेहमीच्या टाकीत ११.१ लिटर पाणी मावतं आणि ती २०० बारला भरतात. ५० बार राखून ठेवायचे, उरले १५०. म्हणजे ११.१ गुणिले १५०, साधारण १६६५ लिटर. २० मीटरवर दाब ३ बार असतो, त्यामुळे पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला तिथे ६० लिटर लागतात. १६६५ भागिले ६० म्हणजे पावणेअठ्ठावीस मिनिटं. हेच तुमचं ‘अर्धा तास’. ज्याला पृष्ठभागावर १४ लिटर पुरतात तो त्याच टाकीवर चाळीस मिनिटं राहतो, आणि उथळ भागात सरकला की पंचावन्न.

स्वतःचा आकडा काढा : १० मीटरवर, जिथे दाब २ बार असतो, सपाट वाळूवर १० मिनिटं संथ पोहा, आधी आणि नंतर गेज वाचा. समजा ४० बार उतरले. ४० गुणिले ११.१ म्हणजे ४४४ लिटर. भागिले १० मिनिटं, भागिले २. मिनिटाला २२ लिटर.

हा आकडा खाली येत नाही याचं कारण फुप्फुसं मोठी असणं क्वचितच असतं. बहुतेक वेळा, आधी बुडत नाही म्हणून वाढवत नेलेलं, वजन जास्त झालेलं असतं. ते झेलायला बीसीडीत हवा भरावी लागते, हवा छातीकडे जमते, वजन कमरेला, त्यामुळे पाय खाली आणि माणूस तिरका. तिरकं पोहणाऱ्याचा प्रत्येक फटका त्याला पुढे कमी आणि वर जास्त नेतो; मग तो हवा सोडतो, खाली जातो, पुन्हा भरतो. शेजारून बघितलं तर सायकलवर उभं राहून चढ चढणाऱ्यासारखा दिसतो. वरच्या तपासणीत वजन जास्त ठरलं तर दोन किलो काढून पाहा, किंवा दोन किलो कमरेवरून काढून टाकीच्या पट्ट्याला लावा. हात छातीपाशी बांधा, त्यांनी पाणी मारू नका. उच्छ्वास लांब सोडा. श्वास मात्र कधीही अडवून ठेवू नका : हवा वाचवायला श्वास तोडणाऱ्यांना वर आल्यावर डोकं धरायला होतं, कारण कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि वर येताना श्वास अडवलेला असेल तर फुप्फुस फाटू शकतं.

मोठी, १५ लिटरची टाकी बऱ्याच बोटींवर जादा पैशात मिळते. घ्यायला हरकत नाही. पण ती जड असते, आणि आधीचं न सुधारता घेतलीत तर आणखी तिरके व्हाल.

*मांटा रे आणि व्हेल शार्क दोन्ही बघायचे आहेत. कुठल्या महिन्यात, कुठल्या मार्गाची बोट घ्यावी? एजंट सगळेच महिने चांगले म्हणतो.*
प्र. र., औंध

एजंटाचं अर्धं खरं आहे. मासे बाराही महिने असतात, जागा बदलते. ती का बदलते हे कळलं तर मार्ग तुमचा तुम्हालाच निवडता येईल.

मालदीव म्हणजे प्रवाळांची कंकणं, त्यांनाच अटॉल म्हणतात. कंकणाच्या कडेत जिथे तोंडं आहेत त्या वाटांना तिथे कांडू म्हणतात, आणि आतल्या पाण्यात बुडालेल्या डोंगरांना थिला. जूनमध्ये जो नैऋत्य मोसमी वारा आपल्याकडे पाऊस घेऊन येतो तोच तिथेही वाहतो, आणि हिवाळ्यात उलटा, ईशान्येकडून. साधारण डिसेंबर ते एप्रिल समुद्राचं स्वच्छ पाणी पूर्वेच्या कांडूंतून आत शिरतं, आणि आतलं, सूक्ष्मजीवांनी गढूळलेलं पाणी पश्चिमेकडून बाहेर पडतं. मांटा हे गढूळ पाणी खातो. म्हणून या महिन्यांत मांटा पश्चिमेला, आणि शार्क बघायला उत्तम स्वच्छ पाणी पूर्वेला, वावू अटॉलसारख्या ठिकाणी. मे ते नोव्हेंबर हे सगळं उलटं, मांटा पूर्वेला. कांडूच्या तोंडाशी भरतीचं पाणी आत येत असतानाच उतरायचं, दोन कारणांनी : ग्रे रीफ शार्क त्याच प्रवाहाला तोंड करून तिथे उभे राहतात, आणि चुकून सुटलात तर वाहत कंकणाच्या आत जाता, भर समुद्रात नाही. ओहोटीत तीच जागा धोक्याची आणि रिकामीही.

बा अटॉलमधल्या हनिफारूचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मे ते नोव्हेंबरात तिथे कधीकधी डझनांनी मांटा एका छोट्या खाडीत गोळा होतात. पण तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्कल, म्हणजे नळीने श्वास घेत वरूनच बघायचं. बा अटॉल २०११पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे. ‘हनिफारूला डाइव्ह’ असं माहितीपत्रकात लिहिलेलं दिसलं तर त्या कंपनीला दुसराही एखादा प्रश्न विचारून पाहा.

व्हेल शार्क दक्षिण अरी अटॉलच्या बाहेरच्या कडेला वर्षभर असतात, बहुतेक वयात न आलेले नर. बोटीच्या टपावरून खलाशी पाण्यात काळी सावली शोधतात, मग स्नॉर्कल घालून उडी. शरीरापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर अंतर ठेवायचं, फ्लॅश नाही, वाट अडवायची नाही. सहा दिवसांत एकही न दिसणं शक्य आहे. हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मांटा मात्र डाइव्हमध्ये निवांत बघायला मिळतो, फक्त कसा ते ऐका. आपल्या बाजारातल्या पाकटाचाच तो भाऊबंद, शेपटीला नांगी नसलेला, तीन-चार मीटर रुंद. तो विशिष्ट खडकावर ‘साफसफाई’ला येतो. तिथे बोटाएवढे निळ्या पट्ट्याचे क्लीनर रॅस राहतात. मांटा खडकावर येऊन जवळजवळ थांबतो, रॅस त्याच्या कल्ल्यांत आणि पोटावर चढतात, परजीवी आणि मेलेली कातडी खुडतात. तुम्ही खडकाच्या बाजूला, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, तळाजवळ स्थिर थांबायचं. खडकावर चढायचं नाही. तो डोक्यावरून गेला तर तेवढा वेळ बुडबुडे हलके सोडा. पोटाला बुडबुडे लागले की मांटा झटकन वळतो. एकाने पुढे सरकून कॅमेरा धरला की तो जातो, आणि त्या दिवशी बहुधा परतत नाही. गटातले आठ जण गप्प पडून राहिले तर तोच मांटा दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या मारतो. त्याच्या पोटावरचे काळे ठिपके बघा. ते प्रत्येकाचे वेगळे, आणि संशोधक त्यावरूनच एकेक मांटा ओळखतात.

प्रवाहात थांबायला रीफ हुक लागतो : दीड-दोन मीटर दोरी, एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला बीसीडीच्या कडीत अडकणारी क्लिप. आकडा मेलेल्या खडकात, जिवंत प्रवाळात कधीच नाही. अडकवल्यावर बीसीडीत थोडी हवा भरा म्हणजे पतंगासारखे तरंगाल. सोडायच्या आधी ती हवा काढायची. हे विसरणारे आकडा निघताच बुचासारखे वर जातात. आणि प्रत्येकाकडे स्वतःचा सिग्नल फुगा, दीड मीटर तरी उंच, आणि दोरीची रीळ हवीच. लाटांमध्ये माणसाचं डोकं शंभर मीटरवरून नारळाएवढंही दिसत नाही. ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा घेताना फुगा वर सोडा. रीळ हातात सैल असू द्या, बोटाला गुंडाळू नका.

*मुलगी २४ वर्षांची, डिसेंबरात जायचं म्हणते. शार्कच्या विचाराने मला झोप नाही. खरं काय ते सांगा.*
एक आई, सदाशिव पेठ

ताई, ज्या शार्कमध्ये ती उतरणार आहे ते व्हाइटटिप आणि ग्रे रीफ, लांबी दीड-दोन मीटरपर्यंत. माणूस दिसला की अंतर ठेवतात. मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण आवडीने खाणारे आपण, तेव्हा हिशोब करायचा तर घाबरायचा हक्क त्यांचा जास्त. मालदीवने २०१०मध्ये शार्कची मासेमारीच बंद केली, म्हणून ते तिथे अजून दिसतात.

चावतो तो टायटन ट्रिगरफिश, अर्ध्या-पाऊण मीटरचा, मोठ्या दाताचा, घरट्यावर अंडी असताना. त्याची हद्द घरट्यापासून वर उलट्या शंकूसारखी रुंदावत जाते. म्हणून वर पळायचं नाही, आडवं लांब जायचं, पायातले फिन त्याच्याकडे करून. दुसरा धोका खडकासारखा दिसणारा स्टोनफिश आणि त्याचे नातलग. कशाला हात लावला नाही तर तो प्रश्नच येत नाही. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं तो भाग बुडवून ठेवतात आणि डॉक्टर गाठतात. गरम पाणी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासावं, नाहीतर भाजतं.

मालदीवच्याच फुवाहमुलाह बेटाला टायगर शार्क बघायच्या डाइव्ह असतात, त्यांना माशांचे तुकडे टाकून बोलावतात. पहिल्या सहलीत तिने ते करू नये असं आमचं मत. अलिमाथा बेटाजवळच्या रात्रीच्या डाइव्हमध्ये नर्स शार्क अंगाला घासून जातात. ते निरुपद्रवी, पण तिथे एकाच वेळी अनेक बोटींची माणसं आणि टॉर्च यांची इतकी गर्दी होते की बडी, म्हणजे जोडीचा डाइव्हर, हरवतो.

तुम्हाला काळजीच करायची असेल तर या गोष्टींची करा : तिच्याकडे स्वतःचा, खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर आहे का, रीकॉम्प्रेशनचा, म्हणजे बुडबुड्यांच्या त्रासावर दाबाखाली होणाऱ्या उपचारांचा, खर्च धरणारा डाइव्ह विमा आहे का (साध्या प्रवास विम्यात तो बहुधा नसतो), आणि वैद्यकीय फॉर्म तिने खरा भरला आहे का. दमा लपवून जाणं शार्कपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं.

*नायट्रॉक्स घ्यावं का? त्याने जास्त खोल जाता येतं असं ऐकलं.*
म. शि., पिंपळे सौदागर

उलट ऐकलंत. नायट्रॉक्स या टाकीत भरायच्या मिश्रणात ऑक्सिजन नेहमीच्या २१ ऐवजी बहुधा ३२ टक्के असतो. दाबाखाली जास्त ऑक्सिजन विषारी ठरतो, झटके येतात, आणि पाण्यात झटका म्हणजे बुडणं. मिश्रणातल्या ऑक्सिजनच्या दाबाची मर्यादा १.४ बार धरतात. ३२ टक्क्यांना ती ३३-३४ मीटरवर येते, ३६ टक्क्यांना २९ मीटरच्या आसपास. म्हणजे खोली कमी होते.

फायदा वेळेचा, कारण शरीरात नायट्रोजन कमी साठतो. ३० मीटरवर हवेने पहिल्या डाइव्हला सुमारे २० मिनिटं मिळतात, ३२ टक्क्यांवर ३०च्या जवळपास. दिवसाला तीन-चार डाइव्ह, सहा दिवस, यात हा फरक साठत जातो. म्हणून बोटीवर घ्याच. कोर्स एका दिवसाचा, पुण्यात करून जा. बोटीवर प्रत्येक टाकी स्वतः ॲनालायझरने मोजायची, टक्केवारी आणि कमाल खोली टाकीवरच्या पट्टीवर लिहायची, वहीत सही करायची आणि मग कॉम्प्युटरवरची टक्केवारी बदलायची. होणारी चूक ठरलेली : टाकी मोजतात, कॉम्प्युटर २१वरच राहतो. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर ‘वर या’ म्हणतो आणि बाकी गट खालीच असतो.

*मुळशीला बोटीत बसलं तरी मळमळतं. गोळी घेऊन डाइव्ह चालते का?*
ग. भ., बावधन

चालते, पण कुठली ते डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि आधी घरी घेऊन बघा. प्रोमेथाझिनच्या गोळीने पुष्कळांना गाढ झोप येते. ती घेऊन ३० मीटरवर जाणं नको. सिनारिझिनने झोप कमी येते, पण येते. मळमळ सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग फारसा होत नाही, बोट सुटायच्या आधीच घ्यायची. रिकाम्या पोटी राहू नका. कोरडी पोळी, केळं, आल्याची वडी चालेल. क्षितिजाकडे बघा, मोबाइल बंद ठेवा.

खोली बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर घेतली तर हलणं कमी जाणवतं, पण पुढचा प्रश्न वाचून मग ठरवा. मालदीवमध्ये डाइव्ह मोठ्या बोटीवरून नसते. टाक्या आणि कॉम्प्रेसर वेगळ्या धोणीवर, म्हणजे सोबतच्या लहान बोटीवर असतात, आणि ती जास्त हलते. सामान आधीच जोडून ठेवा, धोणीवर वाकून बसू नका. पाण्यात गेलात की बहुधा बरं वाटतं. आतच उलटी आली तर रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारं यंत्र, तोंडात दाबून धरा, त्यातूनच होऊ द्या, मग त्यावरचं हवा सोडणारं पर्ज बटण दाबून साफ करा. तोंडातून काढलात तर उलटीनंतरच्या पहिल्या श्वासाला पाणी आत जाईल. मासे जमतील, त्याकडे लक्ष देऊ नका.

*बोट सुरक्षित आहे हे इथे बसून कसं कळणार?*
वि. आ., हडपसर

पूर्ण कळत नाही, पण प्रश्न विचारता येतात. २ सप्टेंबर २०१९ला कॅलिफोर्नियात ‘कन्सेप्शन’ या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागून ३४ जण गेले. सगळे खालच्या मजल्यावर झोपलेले. आगीचं नेमकं कारण ठरवता आलं नाही, पण रात्री फिरता पहारा नव्हता हे चौकशीत स्पष्ट झालं, आणि संकटकाळची दुसरी वाटही त्याच पेटलेल्या खोलीत उघडत होती.

म्हणून ईमेलवर चार गोष्टी विचारा : रात्री जागणारा पहारेकरी असतो का, खालच्या खोल्यांना दोन वाटा आहेत का आणि दुसरी कुठे निघते, कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या बॅटऱ्या कुठे चार्ज होतात, बोटीवर ऑक्सिजन किती तास पुरेल इतका आहे. उत्तर नेमकं नसेल तर दुसरी बोट. पोहोचलात की पहिल्याच संध्याकाळी ती दुसरी वाट स्वतः उघडून बाहेर या, एकदा दिवा मालवून. तिच्यावर गाद्या किंवा बॅगा रचलेल्या असतील तर तिथेच बोला. खोलीत रात्री बॅटरी चार्ज करू नका, पॉवर बँकसुद्धा नाही.

*आम्ही शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. त्याही येणार आहेत, डाइव्ह न करता. जमेल का?*
के. प., बिबवेवाडी

जमेल. मालदीवच्या स्वयंपाकात सकाळपासून टूना असतो, आपल्या कुप्याचाच प्रकार, आणि आमटीसारख्या दिसणाऱ्या पदार्थातही तो असतो. बुकिंगच्या वेळी ‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहू नका. मासा, अंडं, कांदा, लसूण नको असं एकेक लिहा. भाकरवडी, चटण्या, मेतकूट न्या. दारू आणि डुकराचं मांस मात्र विमानतळावरच काढून घेतात. सासूबाईंसाठी वरच्या मजल्यावरची खोली मागा. खालच्या मजल्यावरून सारखा जिना चढणं-उतरणं टळेल.

*सामान २० किलोत कसं बसवायचं?*
र. ह., चिंचवड

बीसीडी, फिन्स आणि वजनं भाड्याने घ्या. मास्क, कॉम्प्युटर, सिग्नल फुगा आणि जमल्यास रेग्युलेटर स्वतःचा. रेग्युलेटर हाताच्या बॅगेत, लिथियम बॅटऱ्याही तिथेच, त्या चेक-इनमध्ये चालत नाहीत. चाकू उलट, चेक-इनमध्येच. एका छोट्या डबीत मास्कचा पट्टा, माउथपीस, प्लॅस्टिकचे पट्टे आणि दोन-चार ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, टाका. रेग्युलेटर डिन, म्हणजे टाकीला आट्यांनी बसणारा, असेल तर टाकीवर पकडीने बसवणारा योक ॲडॅप्टरही घ्या. सहलीनंतर धुताना पहिल्या स्टेजवर, म्हणजे टाकीला लागणाऱ्या भागावर, टोपी कोरडी करून बसवा, आणि धुण्याच्या पाण्यात असताना पर्ज बटण दाबू नका. दाबलं की पाणी आत जातं, आणि पुढच्या सहलीत रेग्युलेटर गळू लागतो.

*चष्मा आहे, उणे ४. लेन्स लावून उतरू का?*
त. ग., धायरी

मऊ लेन्स चालतात, मास्कमध्ये पाणी शिरलं तर डोळे मिटा. आठवडाभराच्या सहलीसाठी मात्र नंबरचा मास्क बरा. काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने तयार मिळतात, आणि पाण्याखाली सगळं एक तृतीयांशाने मोठं दिसत असल्याने नंबर थोडा कमी असला तरी भागतं. उणे ४ला साडेतीनची काच पुष्कळांना पुरते. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. पडला नाही तर तो तुमचा. मिशी असेल तर नाकाखालची बोटभर जागा तासून घ्या, नाहीतर तिथूनच पाणी शिरेल.